आठवी माळ

ज्या वर्षी आमच्या पिंकीच्या नवऱ्याला अधिक महिन्याचं वाण दिलं, त्या वर्षीच्या नवरात्रातली ही गोष्ट. पिंकी म्हणजे माझी नात, दयानंदची मुलगी. श्रावण अधिक आला होता. मारुंजीला दयानंदच्या घरी जावयाला तेहतीस अनारसे दिले. त्या अनारशांच्या तळणापाशी बसून माझे गुडघे धरले ते सुटलेच नाहीत. नवरात्र आलं तेव्हा मी आधीच दमलेली होते.

आम्ही नवराबायको रिह्याला राहत होतो. मालकांचं नाव हैबतराव. तोंडाने कधी घेतलं नाही, लिहायला हरकत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. चालायचे, पण भिंत धरून. उजवा हात भांडं धरायचा, दोरा धरायचा नाही. त्यामुळे देवाचं सगळं माझ्याकडे आलं होतं. ते खुर्ची टाकून बसायचे आणि बसल्या जागेवरून सांगायचे. कुंकू आधी, अक्षता मग. वात लांब घे. फूल देठाकडून वाहू नको. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या पूजेची तयारी मीच करत आले, तरी ते रोज सांगायचे.

नवरात्रात आमच्याकडे घट बसतो. शेतातली काळी माती पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, मध्ये मातीचा घट ठेवायचा. टाक विड्याच्या पानावर बसवायचे. नऊ दिवस त्यांना हलवायचं नाही, धुवायचं नाही. रोज एक माळ घटावर सोडायची. शेजारी दिवा लावायचा, तो दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही. त्या दिव्यासाठी रात्री दोनदा तरी उठावं लागतं. तेवढं उठणं मला आता जमत नव्हतं, पण सांगणार कोणाला?

पहिल्या माळेला नातू इंद्रजित, पिंकीचा भाऊ, आणि त्याची बायको क्षितिजा आली होती. क्षितिजा पिंपरीत वाढलेली, हिंजवडीला कंपनीत कामाला. तिसरा महिना सरत आला होता तिला. तिच्या माहेरी देव म्हणजे भिंतीवरची एक गणपतीची तसबीर. ती मालकांपुढे मांडी घालून बसली आणि त्यांचं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेऊ लागली.

"आबा, हे चांदीचे पत्रे म्हणजे सगळे देवच का?"

"पत्रे न्हवं, टाक म्हणायचं. ह्यो खंडोबा. ही भवानी. ह्यो बहिरोबा, गावाचा. आन ह्यो घोड्यावरला दिसतोय ना, ह्यो आपला पूर्वज. लढाईत पडला, तवापासनं देवांत बसतोय."

"म्हणजे माणूस?"

"माणूसच. माणसाचाच देव हुतो. दुसऱ्या कशाचा व्हणार?"

"पण माझे बाबा म्हणतात देव एकच आहे."

"बराबर म्हणत्यात. एकच हाय. पर एकाच्या अंगावर किती कामं टाकायची?"

ती हसली, इंद्रजितही हसला. मालकांना असं कोणी विचारलं की चढायचं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. सकाळी उठून आधी जमिनीला हात लावायचा, मग पाय. तुळशीला पाणी. जेवायच्या आधी देवाला, गाईला, दारात आलेल्याला. केलेलं कर्म फिटत नाही, भोगून सरतं. माणूस मेला तरी जीव मरत नाही, भाताच्या खाचरासारखं असतं. कापणी झाली की मोकळं दिसतं, पण पुढच्या साली तिथेच रोप.

मी म्हटलं, "पोरी, एवढं भरून घेतीस तर माझं बी एक घे. निम्मा धरम म्हंजे चिंचेनं पितळ घासायचं."

"तू गप," मालक म्हणाले.

मग तिने सुतकाचं विचारलं. त्यांच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गेलं होतं आणि शेजाऱ्यांनी गणपती बसवला नव्हता. मालकांनी सांगितलं. भावकीत माणूस गेला की सगळ्या भावकीला दहा दिवस सुतक. देवाला शिवायचं नाही, नैवेद्य करायचा नाही. घट बसलेला असला तर भावकीबाहेरच्या माणसाकडून उठवून घ्यायचा.

"आणि कोणी लांब गेलं, आपल्याला कळलंच नाही, तर?"

"तर न्हाई. कानावर आलं की सुतक. कानावर येत न्हाई तवर तू सोवळीच."

"हे बरं आहे," ती म्हणाली.

बरं आहे की नाही ते मला आठव्या माळेला कळलं.

त्याआधी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर मालकांचं वागणं कोणाला समजायचं नाही. माझे सासरे नवरात्रात गेले होते, चौथ्या माळेला. घट अर्ध्यात उठवावा लागला. पुढच्या पावसाळ्यात आमचा थोरला मुलगा ओढ्याला वाहून गेला. दयानंद तेव्हा माझ्या मांडीवर होता. मालकांनी त्या दोन गोष्टी एका दोरीत बांधल्या. मी कधी बांधल्या नाहीत. ओढ्याला पूर होता आणि पोर अवखळ होतं, एवढंच मला माहीत. पण त्यांना मी तसं म्हणाले नाही, आणि ते मला कधी त्यांचं म्हणाले नाहीत. फक्त घट बसला की ते नऊ दिवस जीव मुठीत धरून असायचे. त्या वर्षी तर क्षितिजाच्या पोटात मूल होतं. पहिल्या माळेला पोरं गेल्यावर ते मला म्हणाले, "औंदा काय बी होऊ दे, घट मोडायचा न्हाई."

आठवी माळ रविवारी आली. अष्टमी. सकाळी मी कारळ्याची फुलं ताटात घेऊन ओवायला बसणार, तेवढ्यात मोबाइल वाजला. दयानंद होता. मी फोन घेऊन घरामागच्या परड्यात आले.

"आई, अण्णाकाका गेले. पाटंला. झोपेतच."

अण्णासाहेब म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. तेही मारुंजीलाच राहायचे, त्यांच्या मुलाकडे, निरंजनकडे. जमिनी वाटल्या गेल्या, पण देव वाटले गेले नव्हते. देव थोरल्याकडे. म्हणून अण्णासाहेब दर अष्टमीला रिह्याला यायचे, घटासमोर डोकं टेकायचे, मालकांशी तंबाखूवरून भांडायचे आणि संध्याकाळच्या गाडीने जायचे. त्या दिवशीही ते येणार होते.

"कधी नेणार?" मी विचारलं.

"दोनला. आई, आबांना सांगू नको. आज आठवी, परवा दसरा. घट उठला की मी येतो आन सांगतो. त्यांना सोसायचं न्हाई. आन क्षितिजाचं असं. तुला ठावं हाय त्यांचं."

"आन शेवटचं तोंड बघायचं राहिलं तर?"

"राहू दे गं आई. घट मोडला तर ते तिकडं जाऊन बी काय जगायचे न्हाईत."

"अरं, पर मला सांगितलंस ना तू."

"म्हंजे?"

"माझ्या कानावर आलं. आता मी देवाला कशी शिवू?"

 त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. आईला सांगायचं आणि आबांपासून लपवायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. घटाला माळ मीच घालते, हे तो विसरला होता.

"तसंच कर ना," तो शेवटी म्हणाला. "देवाला काय कळतंय."

"देवाला कळत न्हाई तर मग ह्यो खटाटोप कशाला?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

घरात आले आणि फुलांच्या ताटापाशी न जाता दाराजवळ पोत्यावर बसले. दीर चांगला होता. लग्नात मला पहिल्यांदा वहिनी म्हणाला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. रडू येत होतं, पण रडताही येत नव्हतं.

मालक खुर्चीत बसून वाट बघत होते. "आगं, माळ?"

"मला आज बरं न्हाई."

"काय झालं?"

"शिवायचं न्हाई मला."

बोलून गेले आणि मग लक्षात आलं. बाईने देवाला न शिवायला दोन कारणं असतात. त्यातलं एक माझ्या वयाला संपून कैक वर्षं झाली होती. मालकांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मग मिटलं. तळहात माझ्याकडे करून त्यांनी मला थांबवलं. मी काही बोलतच नव्हते.

"ताट हिकडं सरकव. न्हाई, नको. तू हात लावू नको. मी घेतो."

ते भिंत धरून उठले, ताटाजवळ आले, खाली बसले. डाव्या हाताने सुई धरली आणि दोरा दातात धरणार तेवढ्यात थांबले, माळ उष्टी होईल म्हणून. गुडघ्याखाली दोरा दाबून एकेक फूल ओवू लागले. फुलं मोडत होती. मी पोत्यावरून बघत होते. जन्मभर जे काम नकोसं झालं होतं ते माझ्या हातातून सुटलं होतं, आणि माझे हात मांडीवर चुळबुळ करत होते.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "फोन दयानंदचा हुता न्हवं?"

"व्हय."

"बोलला नीट?"

"बोलला."

चार फुलं ओवली. "पिंकी काय म्हणतीय?"

"बरी हाय."

"जावई?"

"तेबी बरे हायेत."

"इंद्रजितला आज सुट्टी आसंल."

"हाय. घरी हाय."

"आन ती पोरगी? डाक्टरकडं गेलती का?"

"गेलती. सगळं नीट हाय तिचं."

त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. असं करत करत त्यांनी निरंजनचं विचारलं, त्याच्या बायकोचं विचारलं, रिह्यातल्या भावकीतल्या म्हाताऱ्यांचीही नावं घेतली. मी प्रत्येकाला बरं आहे म्हटलं. अण्णासाहेबांचं नाव त्यांनी घेतलं नाही. अष्टमी असून घेतलं नाही. मग माळेवर वाकले आणि बोलायचे थांबले.

मला राग आला. विचारा की, असं मनात म्हणत होते. तुम्ही विचाराल तर मी सांगेन, न विचारता मी कशी सांगू? तुमचा घट माझ्या जिभेने का मोडू?

इतक्यात गेणबा अंगणात आला. गेणबा शेजारचा, त्याचा छोटा टेम्पो आहे. गावाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर अण्णासाहेबांचा फोटो आला असणार, कारण त्याने आल्याआल्या डोक्यावरची टोपी काढली.

"आबा, लई वाईट..."

"गेणबा!" मालक असे ओरडले की कावळा उडाला. "पूजा चाललीया. एक शबुद बोलू नको."

"आवो पर..."

"आलास तर बस. न्हाईतर जा. बोलू नको."

गेणबाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

माळ झाली. वाकडी, मध्ये विरळ. ती घटावर सोडायला उजवा हात वर जाईना. डाव्या हाताने दोनदा सोडली, दोनदा खाली आली. तिसऱ्यांदा अडकली. नैवेद्याला मी काही करू शकत नव्हते, म्हणून त्यांनी दुधाची पिशवी स्वतः कात्रीने कापली, निम्मं दूध सांडलं, वाटीत साखर टाकली आणि देवापुढे ठेवली. पाणी फिरवलं. घंटा वाजवली. घाम आला होता त्यांना. मी उठले नाही, कारण मी जवळ गेले असते तर त्यांनीच हाकललं असतं.

साडेबारा वाजून गेले. मारुंजीला गाडीने पाऊण तास तरी लागतो.

तेव्हाच जाईबाई आली. ती दुपारी रोज येते. जाईबाई आणि मी शाळेत एकाच बाकावर अक्षरं गिरवली, म्हातारपणी, प्रौढांच्या वर्गात. ती बौद्ध. तिचा मुलगा बुद्धभूषण पुण्यात नोकरीला. तिला कशाचीच भीती वाटत नाही.

"काय वं, समदे असे गप का? चहा न्हाई का आज?" मग तिने गेणबाची टोपी बघितली, माझं तोंड बघितलं, आणि तिला कळलं.

मालक म्हणाले, "जाईबाई, बोलू नको काय."

"मी कुटं बोलतीया. तुमच्या देवाचं लई अवघड बाई. माणूस तोंड दाबून बसवत्यात."

"तुमच्यात सुतक न्हाई पाळत?"

"न्हाई. आमच्यात माणूस गेला की आमी रडतो. मग पुण्यानुमोदन करतो, समदी जमत्यात, चार शबुद चांगलं बोलत्यात. झालं. आन आपलं माणूस गेलं म्हून कळलं की आमी पळत जातो. आयकायचं न्हाई म्हून घरात दडून बसत न्हाई."

हे शेवटचं तिने बोलायला नको होतं. गेणबा खाली बघायला लागला. मालकांनी दिव्याकडे बघितलं. तेल कमी झालं होतं. ते बोलले तेव्हा आवाज बारीक होता.

"जाईबाई, ह्या दिव्यात तेल घालशील का?"

"मी?"

"तुला सुतक न्हाई."

"तुमच्या आईनं मला पडवीत बी येऊ दिलं न्हवतं, आबा. पाणी वरनं वतायची. आन आता मी देवघरात?"

"ती चुकली."

"लवकर कळलं."

"दसऱ्यापोतर. दोन दिस. घालशील का?"

जाईबाईने पदराने तोंड पुसलं. "आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. मी तुमच्या देवाला हात जोडणार न्हाई."

"नको जोडू."

"माळ बी वाहायची न्हाई."

"नको वाहू. निस्तं तेल."

"तेल घालणं म्हंजे पूजा न्हवं," ती स्वतःशीच म्हणाली. "दिवा काय, उजेड हाय. तेल घालीन."

मग मालक माझ्याकडे वळले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"अण्णा कवा गेला?"

"पाटंला. झोपेत."

त्यांनी देवाकडे बघितलं नाही. "नेणार कवा?"

"दोनला."

"गेणबा, टेम्पो काढ."

पुढच्या सीटवर आम्ही दोघं दाटीने बसलो. घोटावड्याच्या पुढे रस्ता खणलेला होता, मग माणला सिमेंटच्या गाड्यांची रांग. रविवार असून हिंजवडीच्या चौकात अर्धा तास अडकलो. मालक दोन्ही पाय टेम्पोच्या पत्र्याला रेटून बसले होते, जणू तेवढ्याने गाडी पुढे जाणार होती. मी दयानंदला फोन लावत होते. तो उचलत नव्हता. मग इंद्रजितने उचलला. तो म्हणाला, "आजी, तुम्ही कशाला निघालात? ते अण्णाआजोबांना घेऊन गेले पण. आबांना येऊ देऊ नका असं बाबा म्हणाले होते." मी म्हटलं थांबव. तो म्हणाला बघतो.

मारुंजीच्या स्मशानाशी पोचलो तेव्हा धूर वर गेला होता. बायका आत जात नाहीत, मी टेम्पोतच बसले. गेणबाने मालकांना धरून नेलं. कंपाउंडच्या गजांतून मला दिसत होतं. निरंजन डोकं भादरून ओल्या अंगाने उभा होता. दयानंद पळत आला, त्याने वडिलांचा दंड धरला, काहीतरी सांगत होता, रडत होता.  मालक जळणाकडे बघत उभे राहिले, लोक परतायला लागले तरी. मग खाली वाकून त्यांनी डाव्या हाताने एक शेणकुटाचा तुकडा उचलला आणि आत टाकला.

परतताना संध्याकाळ झाली. ताथवड्याकडून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत होते. खूप वेळाने ते म्हणाले, "तू सकाळीच सांगायला पायजे हुतं."

"तुमी सकाळीच इचारायला पायजे हुतं."

"व्हय," ते म्हणाले. 

जाईबाई पडवीत बसली होती. आम्ही आल्यावर उठली. "पेटता हाय," एवढंच म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आली, संध्याकाळी आली, तेल घातलं, वात पुढे केली, हात जोडले नाहीत. नवव्या माळेची दोरी मोकळीच राहिली. दसऱ्याला गावच्या गुरवाने येऊन घट उठवला. आम्ही दोघं सुतकात अंगणात बसून बघितलं. मातीत उगवलेलं धान वीतभर झालं होतं. नेहमी ते आम्ही डोक्यात खोवतो. त्या वर्षी जाईबाईच्या शेळीने खाल्लं.

मला वाटलं होतं, राहून गेलेल्या त्या नवव्या माळेचं मालक काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून रोज एकदा मला फोन लावायला लावायचे आणि क्षितिजाला विचारायचे, "बरी हायस ना?" ती म्हणायची, "हो आबा, एकदम." ते म्हणायचे, "जड उचलू नको." आणि फोन माझ्या हातात द्यायचे. सुतक फिटल्यावर पूजा पुन्हा माझ्याकडे आली. ते खुर्चीत बसायचे, पण सांगायचे नाहीत. फूल देठाकडून वाहिलं तरी बोलायचे नाहीत. मला ते आधीच्या सांगण्यापेक्षा जास्त जड जायचं. एकदा मी मुद्दाम अक्षता आधी वाहिल्या, कुंकू मग. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चालतंय."

क्षितिजाला चैत्रात मुलगी झाली. दोघीही सुखरूप. मालकांना ते कळलं नाही.

माझे दीर अण्णासाहेब आश्विन शुद्ध अष्टमीला, रविवारी, २२ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे मारुंजीला गेले. माझे पती हैबतराव माघ वद्य द्वितीयेला, सोमवारी, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी दुपारी रिह्याच्या घरी गेले.